नकाशावरची मोकळी जागा

आज दुपारी तीन गाठी सोडल्या. एकात एक घातलेल्या तीन पिशव्या, प्रत्येकीला करकचून मारलेली गाठ, आणि सगळ्यांत आतल्या पिशवीत ओंजळभर सुका जवळा. पहिली गाठ सुटली तेव्हा काहीच जाणवलं नाही. दुसरी सुटली आणि ओट्याजवळची हवा थोडी जड झाली. तिसरी सुटली मात्र, आणि तो वास मोकाट सुटला. नखाएवढ्या त्या गुलाबी-पांढऱ्या कोळंबीत एवढा वास मावतो तरी कसा, कोण जाणे. तो आधी स्वयंपाकघरात भरला, मग बाहेरच्या खोलीत गेला, मग दाराच्या फटीतून जिन्यात उतरला. खारट, उन्हाळलेला, थोडा गोडसर, थोडा कुबट. ज्यांनी तो लहानपणापासून घेतलाय त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि ज्यांनी नाही घेतला त्यांचा हात नाकाकडे जातो. माझाही हात एकदा नाकाकडे गेला होता. त्या एका हाताची गोष्ट सांगायला मला पंधरा वर्षं लागली.

मी भूगोल शिकवते. मुलांना नकाशे काढायला शिकवते, चांगलं शिकवते असं लोक म्हणतात. पण माझ्या हातून निघालेल्या अगदी पहिल्या नकाशाने एका बाईची जागा घालवली. तिची एकटीचीच नव्हे, तिच्या आख्ख्या आळीची. हे वाक्य कॉलेजात आजवर मी कुणापुढे सरळ उच्चारलेलं नाही. निवड समितीपुढे ‘तुमचं पहिलं क्षेत्रकाम कुठलं?’ असं विचारलं गेलं, तेव्हा यातलं काहीच ठाऊक नसल्याने मी रायगडच्या किनाऱ्याचं नाव अभिमानाने घेतलं होतं आणि समोरच्या माना कौतुकाने डोलल्या होत्या.

तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. दोन सेमिस्टरांच्या मधली सुट्टी म्हणजे डिसेंबरातले काही मोकळे आठवडे, ना धड सुट्टी, ना धड अभ्यास. घरी राहिलं की आईच्या हाताखाली लाडू वळा आणि बाहेर पडायचं तर त्याला कारण हवं. तशात कॉलेजच्या फलकावर कागद लागला: बारा दिवसांचा अभ्यासवर्ग, किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात राहून गावाचा नकाशा करायचा, शेवटी प्रमाणपत्र. आम्ही अठरा जण निघालो. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला उतरायचं, पुढे टमटम. पाठीवर पिशव्या, हातात मोजपट्ट्या, गळ्यात होकायंत्र. जणू आम्हीच पहिल्यांदा तो किनारा शोधायला निघालो होतो! त्या वयात माणसाला बारा दिवस खूप वाटतात. बारा दिवसांत एक भाषा शिकता येईल, एक गाव कळेल, एखाद्या माणसाला आपलं म्हणता येईल, असं खरंच वाटतं. आज माझ्यासमोर तशीच मुलं बसतात, तसेच लखलखते डोळे घेऊन, आणि मला त्यांचा हेवाही वाटतो आणि भीतीही.

पोचलो तेव्हा दिवस कलत होता. वाड्याच्या तोंडाशीच त्या वासाने आम्हाला गाठलं. समुद्राकडच्या बाजूला जमिनीवर मोठमोठे ढीग प्लास्टिकखाली झाकलेले दिसत होते, दंव लागू नये म्हणून झाकलेले. पण ते कसले आहेत, हे मी विचारलंसुद्धा नाही. ओढणी नाकाला लावून मी तशीच चालत राहिले. समोर आमची यजमानीण उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, काष्टा मारलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दोघी मुलींना तिने घरात ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, त्यातली एक मी. तिने माझ्याकडे पाहिलं, ओढणीकडे पाहिलं, आणि हसली. ‘ये गो पोरी, दमलीस काय?’ एवढंच म्हणाली. तिने काय पाहिलं ते मला कळलं नाही. मला फक्त तिचं हसणं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून अंगणात आले तर वास नव्हता. ढीग नव्हते. घरासमोरून समुद्रापर्यंत पसरलेलं सपाट मैदान लख्ख झाडलेलं, सारवलेलं, कडेला बांबू नीट रचून ठेवलेले. आम्हाला तर सोन्याचं मैदान मिळालं. आमच्याबरोबर आलेल्या सरांनी तिथेच वर्ग भरवला. दुपारी आम्ही तिथेच सतरंज्या टाकून कागद पसरायचो, संध्याकाळी मुलं बॅडमिंटन खेळायची. वास गेला याचं मला फार बरं वाटलं. पण तो गेला कुठे, हा प्रश्न त्या बारा दिवसांत अठरा जणांपैकी एकालाही पडला नाही. आम्ही सगळे पहिल्या वर्गात पास झालेले, हे वेगळं सांगायला नको.

त्या दिवसांची गोडी अजून जिभेवर आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या यजमानिणीने मला बोंबलाचा काटा जिभेनेच कसा बाजूला सारायचा ते शिकवलं. उधाणाचे दिवस कोणते आणि पाणी मंदावतं ते भांगाचे कोणते, हे बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं. माझ्या वहीतल्या तक्त्यापेक्षा तिची पेरं जास्त बिनचूक निघाली. मी तिला ‘मावशी, तुम्ही’ म्हणायचे. चौथ्या दिवशी ती कावली. ‘तुमी-तुमी काय करतेस गो? मी काय मामलेदारीन हाय?’ त्या दिवसापासून ती ‘तू’ झाली. माझ्या आईलाही मी इतक्या हक्काने कधी हाक मारली नसेल, असं तेव्हा वाटायचं. ती रोज पहाटे उठून कुठेतरी जायची. सूर्य वर आला की परतायची, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, डोक्यावर रिकामी पाटी. आम्हाला रोज रात्री टिपणं लिहायची असत. त्यात मी लिहिलंय, ती वही अजून माझ्याकडे आहे: ‘मावशी रोज पहाटे फिरायला जातात. किनारी भागातील महिलांचे आरोग्य चांगले असावे.’ सरांनी त्यावर लाल शाईने ‘छान निरीक्षण’ असा शेरा दिलाय.

नकाशाचं काम सातव्या दिवशी सुरू झालं. सरांचा एकच नियम होता: ऐकीव लिहायचं नाही, डोळ्यांनी दिसेल तेच लिहायचं. मंदिर, विहीर, शाळा, बर्फाचा कारखाना, होड्या ओढायची जागा. आमच्यात माझं अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळी नावं माझ्या हाताने पडली. त्या मैदानापाशी पेन आलं तेव्हा मी थांबले, एवढं मात्र माझ्या बाजूने सांगायला हवं. मावशी उंबऱ्यात बसून जाळं सांधत होती. मी विचारलं, ‘मावशी, या जागेला काय म्हणता? इथे काय असतं?’

तिने जाळ्याची गाठ दातांनी ओढली. मग ती म्हणाली, ‘काय न्हाय गो. मोकलंच हाय. बसा तुमी, खेला.’

मी लिहिलं: मोकळी जागा. शेजारी कंस करून ‘मैदान’. अक्षर सुरेख आलं होतं.

निरोपाच्या दिवशी मंदिरापुढे छोटासा समारंभ झाला. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक आम्हाला ठेवून घेणाऱ्या प्रत्येक घराला. मावशीने तो दोन्ही हातांत धरला, पदराने पुसला, आणि माझं बोट धरून ‘माजं घर कुटं?’ असं विचारून घेतलं. मी दाखवलं. तिने त्या चौकोनाला नमस्कार केला आणि आम्ही सगळे हसलो. मी रडून तिला वचन दिलं, पुढच्या डिसेंबरात येते. सगळेच देतात. आज माझी मुलं निघताना असं बोलू लागली की मी त्यांना अडवते. म्हणते, वचन देऊ नका, नुसते आभार माना.

पुढचा डिसेंबर गेला, त्याच्या पुढचाही. पण ती मला विसरली नव्हती. वाड्यातलं कुणी मुंबईला येणार असलं की त्याच्या हाती जवळ्याची पुडी यायची, चांगली शेरभर. चार वर्षं आली. पाचव्या वर्षी आली नाही. मला वाटलं, विसरली असेल, किंवा आपणच विसरलो ना, मग तिने तरी का लक्षात ठेवावं. शिक्षण, नोकरी, लग्न या रहाटगाडग्यात मी त्या न आलेल्या पुडीचा विचार सोडून दिला. तेव्हाच तिच्याकडे गेले असते तर काही बदललं असतं का, ते मला माहीत नाही. माझा नवरा म्हणतो, काही बदललं नसतं. मायेचं माणूस असंच म्हणतं.

या डिसेंबरात निघाले ती कामासाठीच. माझ्याच मुलांचा अभ्यासवर्ग कुठे घ्यावा, याची जागा पाहायला. रेवसला लाँच लागली, धक्का बराचसा तसाच होता. वाड्याच्या तोंडाशी आले आणि मी आधी नाकानेच ओळखायला गेले. वास नव्हता. समुद्राचाही नव्हता, डिझेलचा होता. जिथे आम्ही सतरंज्या टाकल्या होत्या तिथे आता सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी, गाड्यांच्या तीन रांगा, समुद्राकडे तोंड केलेले बाक, आणि एक पाटी: येथे मासळी सुकवण्यास मनाई आहे. ती पाटी मी दोनदा वाचली. सुकवण्यास मनाई. म्हणजे इथे कधीतरी सुकवत होते. पाटीवरच्या एका ओळीने मला पंधरा वर्षांनी माझा विषय शिकवला.

मावशीचं घर होतं. ती उंबऱ्यातच बसली होती, आता पार वाळलेली, डोळ्यांत फूल पडलेलं. मी नाव सांगायच्या आधी ती म्हणाली, ‘आवाज वलखीचा हाय.’ आणि मग माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून, ‘माजी नकाशावाली!’ आत सुनेने चहा ठेवला. भिंतीवर देवांच्या ओळीत, खंडोबाच्या शेजारी, काचेच्या चौकटीत आमचा नकाशा होता. मोत्यासारखं अक्षर थोडं पिवळं पडलेलं. मी बसले होते तिथून मला ते दोन शब्द सरळ दिसत होते.

‘मावशी, तुम्ही समोर मासळी सुकवत होता?’ मी विचारलं.

‘तुमी?’ ती म्हणाली. ‘परत तुमी झाले काय मी?’ मग दाराबाहेर हात करून, ‘खलं व्हतं त्ये. आमच्या आलीचं. सासूच्या सासूपासून. जवला पसरायचा, बांबूंवर बोंबील टांगायचे.’

मला ते खळं कधी दिसलंच नव्हतं. मी म्हणाले, मग आम्ही आलो तेव्हा? उत्तर सुनेने दिलं, चहाची कपबशी जरा जोरात ठेवून. ‘तुमाला वास सोसवना, म्हनून आयनी आलीतल्या बायांच्या पाया पडून खलं उचलाय लावलं. बारा दीस. ऐन जवल्याच्या दिसांत. पाट्या डोक्यावर घेऊन पार खाडीपल्याड मिठागराच्या बांधावर पसरायला जायच्या, पहाटं.’

फिरायला जातात. छान निरीक्षण. माझ्या हातातला चहा गार होत होता आणि मला ती लाल शाई दिसत होती.

पुढचं मी खोदून खोदून विचारलं. जागा सरकारी, पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीची, कागद कुणाकडेच नाही. गाड्या उभ्या करायला जागा करायचं ठरलं तेव्हा वाड्याने विरोध केला. सुनावणी झाली. तिथे साहेबाने पंचायतीच्या दप्तरातून एकुलता एक नकाशा काढला आणि वाचून दाखवला. ‘तुमच्याच गावचा नकाशा आहे. मोकळी जागा लिहिलंय. तुम्हीच सांगितल्याशिवाय मुलं लिहितील का?’ बायांना वाचता येत नव्हतं, पण आपल्या घरोघरी टांगलेल्या चित्रात काय लिहिलंय ते त्यांना त्या दिवशी कळलं. साहेबाने विचारलं, कोणी सांगितलं होतं?

‘मी हुबी ऱ्हायले,’ मावशी म्हणाली. ‘म्हटलं, मीच सांगितलं. मोकलंच हाय म्हनून.’

‘पण लिहिलं मी,’ मी म्हणाले. ‘मावशी, ते माझं अक्षर आहे. तुमचं खळं माझ्यामुळे गेलं. मी तेव्हा ओढणी नाकाला लावली, म्हणून तू...’ कधी तुम्ही, कधी तू, मला काही सुधरत नव्हतं.

‘ठाव हाय मला तुजं अक्षर,’ ती म्हणाली. ‘त्या सायबानं खाली नावं पन वाचली. आलीतल्या बाया म्हनाल्या, त्या पोरीला बोलवा, तिला सांगू दे. मी म्हटलं, ती पावनी. पावन्याला कोन साक्षीला वडतं? नि तू खोटं कुटं लिवलंस? त्या दिशी मोकलंच व्हतं. मीच झाडलं व्हतं.’

सून आतून म्हणाली, ‘चार वर्सं आलीतली एक बाई आमच्या दारात आली न्हाय. हलदीकुंकवाला न्हाय, मयताला न्हाय.’

‘आता येतात,’ मावशी घाईघाईने म्हणाली. ‘येतात गो. ऱ्हाऊ दे.’

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. लिहायला लाज वाटते, पण ठेवलं, आणि हमसून रडले. त्या पायांना आता चिखल नव्हता. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि मला ऐकू आलं ते असं: ‘ती माजी चूक हाय पोरी. पावनं आलं म्हनून घर झाडावं, पोटाचं साधन झाडू नये.’ मला क्षमा करायची वेळ आली तेव्हाही तिने चूक स्वतःकडेच ठेवली. माझी चूक मला मागूनही मिळाली नाही. एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी आणि समोरच्याने तो गुन्हाच आपला म्हणून घ्यावा, यापेक्षा मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

मी विचारलं, मग हा नकाशा तू भिंतीवर कशाला ठेवलास? ती जणू हा प्रश्नच खुळा आहे अशा सुरात म्हणाली, ‘माजं घर हाय त्यात.’

निघताना ती भिंतीला धरत धरत मागच्या पत्र्याच्या छपरापाशी गेली. तिथे सुपाएवढ्या जागेत, जुन्या साडीच्या तुकड्यावर, थोडा जवळा वाळत होता. शेजारच्या पर्यटक निवासातून तक्रार आली की तोही उचलावा लागतो, असं सुनेने सांगितलं. मावशीने होता तेवढा सगळा गोळा केला. पिशवीत घातला, गाठ मारली. ती पिशवी दुसरीत, गाठ. दुसरी तिसरीत. अंधुक डोळ्यांनी ती गाठी चाचपून पाहत होती, एकेक पुन्हा आवळत होती.

‘एवढ्या कशाला गं?’ मी म्हणाले.

‘लाँचमधी कुनाला वास यायला नको,’ ती म्हणाली. ‘तुला लोकं बोलतील.’

लाँचवर मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कुणालाही वास आला नाही. गाठी इतक्या पक्क्या होत्या.

आमच्या मुलांचा अभ्यासवर्ग यंदा मी घेतला नाही. कॉलेजला कारण वेगळंच कळवलं. पुढच्या वर्षी घेईन कदाचित, आणि पहिले सहा दिवस मुलांना कागद-पेन देणार नाही, नुसतं पहाटे उठून पाट्यांमागून चालायला लावीन, असं मनाशी ठरवलं आहे. तरी मनातून हेही माहीत आहे की कुणीतरी एखाद्या घरासमोर ओढणी नाकाला लावेल, आणि कुणीतरी हसून अंगण झाडायला घेईल. शिकायला जाणाऱ्याला काय दिसणार आणि काय त्याच्यासाठी आधीच आवरून ठेवलेलं असणार, हे त्याला कोण सांगणार?

माझ्याकडेही त्या नकाशाची एक प्रत आहे. आल्या आल्या ती काढली होती, पेन हातात घेऊन. मोकळी जागा खोडायचं आणि तिथे खळं लिहायचं, एवढंच काम होतं. पण तेव्हा लिहायला हवं होतं ते आज लिहिलं तर तेही खोटंच होईल. तिथे आता खळं नाही. तिथे गाड्या आहेत. पंधरा वर्षांपूर्वीची माझी चूक आता दुरुस्तही करता येत नाही, इतकी ती खरी झाली आहे. पेनचं टोपण लावून नकाशा पुन्हा गुंडाळून ठेवला.

जवळा मात्र आज काढला. मंद आचेवर भाजला, कांदा घातला, कोकम घातलं. वास जिन्यातून वरच्या मजल्यावर गेला असणार, कारण कुणीतरी खिडकी आपटून लावल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने शेजारच्या बाई दारात आल्या, पदर नाकाशी धरून, आणि जराशा संकोचाने म्हणाल्या, ‘तुमच्याकडे काही... वास येतोय का?’

मी हसले. मला माझं ते हसणं ओळखीचं वाटलं आणि तोंडाशी आलेले शब्दही. काही नाही हो, आत्ता आवरते. ते मी गिळले.

‘हो,’ मी म्हणाले. ‘जवळ्याचा आहे. माझ्या मावशीने वाळवलाय.’ आणि दार उघडंच ठेवलं.